बेळगावहून जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा : अर्ज बेंगळुरूला की मुंबईला, आणि पैशाचा पुरावा कोणता?

प्रश्न : उचगावचा अभियंता

सर्वांना नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यातील उचगावचा राहणारा आहे. माझी दहावी मराठी माध्यमातून, पण कर्नाटक बोर्डाची झाली. पुढे पी.यू.सी. (अकरावी-बारावी) आणि मेकॅनिकलची बी.ई. बेळगावातच केली, पदवी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची, म्हणजे व्हीटीयूची आहे. सध्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. कास्टिंग नाकारले गेले की ते का नाकारले गेले हे नोंदवण्यापलीकडे, वितळलेला धातू साच्यात थंड होताना नेमके काय घडते याचा पद्धतशीर अभ्यास करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जर्मनीत ओतकामासाठी स्वतंत्र विद्यापीठीय संस्था आहेत असे वाचनात आल्यामुळे पुढील वर्षाच्या हिवाळी सत्रासाठी तेथे पदव्युत्तर अभ्यासक्रमास अर्ज करण्याचे ठरवले आहे. व्हिसाबाबत मात्र घरात आणि बाहेर इतकी निरनिराळी मते ऐकू येत आहेत की कोणते खरे मानावे हे समजत नाही.

पहिली अडचण पत्त्याची आहे. आईचे माहेर चंदगड तालुक्यातील असल्यामुळे माझा जन्म तिकडे झाला, आणि पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रच नोंदले आहे. वास्तव्य मात्र पहिल्यापासून उचगावातच आहे. शिनोळीला राहणाऱ्या माझ्या मामांचे म्हणणे असे की, आधार कार्डावर त्यांचा पत्ता घालून घ्यावा आणि अर्ज मुंबईला करावा, म्हणजे कागदपत्रे मराठीत चालतील आणि बोलणेही सोपे जाईल. हे करता येते का, आणि करावे का?

दुसरी अडचण पैशाची. शहरातील एका सल्लागाराने शेतीचे सर्व उतारे, घराचे मूल्यांकन, चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला आणि सोसायटीतील ठेवींच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह मागितल्या आहेत. उतारे कन्नडमध्ये आहेत आणि घर अजून दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. रक्कम कमी पडली तर काही महिन्यांपुरते खात्यावर पैसे दाखवण्याची व्यवस्था मोबदला घेऊन करून देऊ, असेही त्यांनी सुचवले. वडिलांना हे पटलेले नाही आणि मलाही पटत नाही, परंतु दुसरा मार्ग कोणता हे ठाऊक नाही.

ज्यांनी या प्रक्रियेतून स्वतः जाऊन पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निपाणीकर, सध्या जर्मनीत

पत्त्याचा प्रश्न आधी घेतो, कारण तो चुकला तर पुढचे सगळे अडते. अर्ज कोणत्या वकिलातीकडे करायचा हे जन्मस्थानावरून, मातृभाषेवरून किंवा पदवी कोठून मिळाली यावरून ठरत नाही. अर्जदार प्रत्यक्षात कोठे राहतो यावरून ठरते. कर्नाटक आणि केरळ ही राज्ये बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे आहेत, तर महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या दूतावासाकडे. उचगाव आणि शिनोळी यांच्यात पायी जाता येईल इतकेच अंतर असले तरी या कामापुरते ते दोन वेगळ्या कार्यालयांचे प्रदेश आहेत, आणि तुम्ही उचगावात राहून उद्यमबागेत नोकरी करत असल्याने तुमचा अर्ज बेंगळुरूचाच आहे. मामांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु ज्या पत्त्यावर आपण राहत नाही तो आधारवर नोंदवून त्याच्या जोरावर अर्ज करणे म्हणजे परक्या देशाच्या शासनापुढे खोटे विधान करणे होय, आणि नोकरीचे प्रमाणपत्र, पगाराची खातेनोंद व पासपोर्टवरील पत्ता या सगळ्यांतून ते सहज उघडे पडते. शिवाय मुंबईत मराठी कागद चालतात हा समजही बरोबर नाही. दोन्हीकडे कागदपत्रे इंग्रजीत किंवा जर्मनमध्येच लागतात.

आता क्रम सांगतो, कारण माझ्या पाहण्यात बहुतेकांचा घोळ कागदांत नसून क्रमात होतो. सर्वांत आधी ए.पी.एस. प्रमाणपत्र. नवी दिल्लीतील जर्मन दूतावासाचा शैक्षणिक तपासणी विभाग तुमच्या दहावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका तपासून त्या खऱ्या असल्याचे प्रमाणित करतो. भारतीय विद्यार्थ्यांसाठी हे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे आहे आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. काही विद्यापीठे ते प्रवेश अर्जाच्या वेळीच मागतात, आणि व्हिसा अर्ज तर त्याशिवाय पुढे सरकतच नाही. यास काही आठवडे जातात, कधी त्याहून अधिक. म्हणून आय.ई.एल.टी.एस. या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू असतानाच हा अर्ज करून टाकावा.

व्हीटीयूच्या विद्यार्थ्यांना येथे एक सोय आहे, ती म्हणजे विद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावजवळच्या मच्छेला आहे. ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांची एकत्रित नोंद) आणि गुणांकन पद्धतीचे पत्र यांसाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाहून येणाऱ्या मुलांना जो त्रास पडतो तो तुम्हाला नाही. हे गुणांकनाचे पत्र अवश्य घ्या. जर्मन विद्यापीठे आपले गुण एका सूत्राने स्वतःच्या पद्धतीत बदलतात, आणि त्या सूत्रात कमाल गुणांइतकेच उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या किमान गुणांनाही महत्त्व असते. ते कागदावर स्पष्ट नसेल तर आकडेमोड तुमच्या विरुद्ध जाऊ शकते.

प्रवेशाच्या मुदती हिवाळी सत्रासाठी अनेक ठिकाणी १५ जुलैपर्यंत असतात, परंतु परदेशी विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच विद्यापीठांत त्या त्याहून लवकर संपतात. प्रत्येक अभ्यासक्रमाचे पान स्वतः उघडून पाहावे. जी विद्यापीठे युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज घेतात, त्यांच्यासाठी पहिल्या अर्जास ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जास ३० युरो लागतात.

तुमच्या विषयासाठी आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात आणि फ्रायबेर्गच्या खाणविद्या विद्यापीठात ओतकामाच्या जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. फ्रायबेर्गचे विद्यापीठ १७६५ साली स्थापन झालेले आहे. ते सॅक्सनी राज्यात आहे. फ्रायबुर्ग हे निराळे शहर असून ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, आणि त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रास १,५०० युरो शिक्षण शुल्क पडते. अर्ज भरताना नाव नीट वाचून घ्या. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे की जर्मनमध्ये हेही तेथेच पाहावे. तुमच्या क्षेत्रातले बरेच अभ्यासक्रम जर्मनमध्ये असतात. जर्मन शिकायचीच असेल तर गोएथे इन्स्टिट्यूटची केंद्रे पुण्यात व बेंगळुरूत आहेत, आणि परीक्षा कोठे द्यायची याला वास्तव्याचे बंधन नाही.

पैशाच्या पुराव्याबद्दल सल्लागाराने जे मागितले आहे, त्यातील जवळजवळ काहीही जर्मन व्हिसासाठी लागत नाही. येथे रूढ असलेला पुरावा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि जर्मनीत पोहोचल्यावर तेच पैसे दरमहा ९९२ युरो याप्रमाणे आपल्याला परत मिळत राहतात. हा आकडा बदलत असतो. पूर्वी तो ११,२०८ होता, त्यामुळे पैसे पाठवण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहावा. वकिलातीला तुमच्या आजोबांची जमीन किती हे पाहायचे नसते. पहिल्या वर्षी तुम्ही उपाशी राहणार नाही एवढेच तिला पाहायचे असते, आणि ते या खात्याच्या एका पत्राने सिद्ध होते. कन्नड उताऱ्यांच्या भाषांतरावर कृपया एक रुपयाही खर्च करू नका.

खात्यावर काही महिने पैसे दाखवण्याची जी व्यवस्था सुचवली गेली, ती येथे निरुपयोगी तर आहेच, पण ज्या माणसाने ती सुचवली त्याच्या हाती आपली मूळ कागदपत्रे ठेवू नयेत असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सीमाभागातील कितीतरी घरांतून पहिलाच मुलगा किंवा मुलगी बाहेर पडत असते, आई-वडिलांना विचारायला जवळ कोणी नसते, आणि नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला जातो.

उत्तर : खानापूरच्या एक पालक

माझी मुलगी जर्मनीत शिकते आहे. वरील उत्तर योग्यच आहे, फक्त उताऱ्यांबद्दल थोडी भर घालते, कारण ते व्हिसासाठी लागत नसले तरी कर्जासाठी लागू शकतात, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की मनुष्य गोंधळून जातो.

युरो १०० रुपये धरला तरी ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ११,९०,४०० रुपये होते. त्याशिवाय विमान, विमा, व्हिसाचे ७५ युरो शुल्क, सुरुवातीच्या घरभाड्याची अनामत. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागू शकतो आणि त्यापुढील रकमेसाठी मालमत्तेचे तारण मागितले जाते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. आपल्याकडे अडचण येते ती तारणाची. शेतजमीन, मग ती कितीही चांगली असो, शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. घर घेतात, पण ते ग्रामपंचायत हद्दीतील असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीतील मालमत्तांच्या संगणकीय नोंदीचे, नमुना ९ आणि ११ चे उतारे, आणि उपनिबंधकाकडील बोजा नसल्याचा दाखला मागतात.

तुमचे घर अजून आजोबांच्या नावावर आहे, तेव्हा खरे काम येथेच आहे, आणि ते आजच सुरू करायला हवे. वारसा नोंदवताना वडील आणि काका यांच्याबरोबर आत्यांचीही नावे वारस म्हणून येतात. तारण ठेवताना सर्व हिस्सेदारांची संमती आणि सह्या लागतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही कशाला, असा विचार आपल्या घरांत अजूनही केला जातो, पण कायद्याने तिचा हिस्सा आहे आणि बँकेचे वकील तो पाहतातच. आत्यांना शेवटच्या क्षणी कागदावर सही करायला बोलावण्यापेक्षा, भाचा कशासाठी जातो आहे, कर्ज किती, ते कोण फेडणार आणि घराला काय धोका आहे हे वडिलांनी स्वतः जाऊन त्यांना नीट सांगावे. आमच्या कुटुंबात हा प्रश्न मोकळेपणाने बोलल्यामुळेच सुटला. हे काम काही आठवड्यांत होईल असे गृहीत धरू नये. तलाठ्याकडे आणि पंचायतीत फेऱ्या होतातच, आणि मधेच एखाद्या नावात चूक निघाली तर आणखी वेळ जातो.

सोसायटीच्या कर्जाबद्दल एक सावधगिरी. आपल्या भागात पतसंस्थांचे कर्ज लवकर मिळते, म्हणून लोक तिकडे वळतात. परंतु व्याजदर जास्त असतो आणि परतफेड लगेच सुरू होते, तर बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असेपर्यंत हप्त्यांना सवलत असते. करातही फरक पडतो. १ एप्रिल २०२५ पासून, बँकेसारख्या मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टी.सी.एस., म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून पाठवल्यास एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरील रकमेवर तो कापला जातो. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर कर देयतेत वळती होते, पण ऐन निघण्याच्या वेळी तेवढे पैसे अडकून पडणे कोणालाही परवडत नाही.

उत्तर : चंदगडकर

मी सीमेच्या अलीकडचा, म्हणून माझा अर्ज मुंबईला गेला. तेथे मराठीमुळे कोणतीही सवलत मिळाली नाही. खिडकीवर इंग्रजीतच बोलणे झाले, आणि माझे जे कागद फक्त मराठीत होते त्यांचे भाषांतर करावेच लागले. बेंगळुरूबद्दल मनात भीती ठेवू नये. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारतही सुरू आहे. भेटीच्या आदल्या दिवशीच पोहोचणे चांगले.

उचगावचा अभियंता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मामांना समजावून सांगितले आणि त्यांनाही ते पटले. वडिलांनी वारसा नोंदीसाठी काकांशी बोलणे केले आहे, आणि येत्या रविवारी आत्यांकडे जाण्याचे ठरले आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढे वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे आणि आडनाव शेवटी आहे. पदवीवर आडनाव नाहीच. पासपोर्टवर मात्र वडिलांचे नाव पूर्ण आहे. यामुळे ए.पी.एस.ला अडचण येईल का? आणि उद्देशपत्रात नेमके काय लिहावे? सल्लागाराने दिलेला नमुना वाचून पाहिला, तर त्यात माझ्याबद्दल काहीच नाही.

उत्तर : निपाणीकर, सध्या जर्मनीत

नावाचा हा प्रश्न आपल्या भागात घराघरांत आहे, कारण शाळेत नाव एका पद्धतीने लिहिले जाते आणि घरी दुसऱ्या. पासपोर्ट हाच मुख्य दस्तऐवज मानला जात असल्यामुळे तो बदलण्याच्या मागे लागू नये. सर्व रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत करून नोटरीकडून साक्षांकित करून घ्या, आणि त्यात प्रत्येक कागदावरील नाव जसे आहे तसे, एका अक्षराचाही फरक न करता लिहा. हे पत्र ए.पी.एस.च्या अर्जाला, विद्यापीठाच्या अर्जाला आणि व्हिसाच्या अर्जाला तिन्हीकडे जोडा. पदवीवर आडनाव नसणे हा मात्र जरा मोठा फरक आहे. मच्छे जवळच असल्यामुळे पदवीवरील नावात दुरुस्ती करून मिळते का, याची चौकशी विद्यापीठात प्रत्यक्ष जाऊन करावी. मिळत असेल तर ती ए.पी.एस.च्या आधी करून घ्यावी, कारण एकदा प्रमाणपत्र निघाल्यावर मूळ कागद बदलला तर पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागेल.

उद्देशपत्राबद्दल सविस्तर लिहितो, कारण आता त्याचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला तर त्याच कार्यालयाकडे लेखी फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता नाकारला गेल्यास नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे, एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे पहिल्याच अर्जात अधिकाऱ्याच्या मनात येऊ शकणाऱ्या प्रश्नांची उत्तरे असली पाहिजेत.

ते प्रश्न साधे असतात. हाच विषय का, हाच अभ्यासक्रम का, आधीच्या शिक्षणाशी व कामाशी त्याचा संबंध काय, आणि पुढे त्याचे काय करणार. तुमच्याकडे या चारही प्रश्नांची खरी उत्तरे आहेत, आणि ती तुम्ही येथे पहिल्याच परिच्छेदात नकळत लिहूनही टाकली आहेत. फाउंड्रीत तुमच्यापुढे येणारा एखादा ठरावीक दोष घ्या. तो कोणत्या प्रकारच्या कास्टिंगमध्ये येतो, तुम्ही कोणती तपासणी करता, आणि कोठे तुमचे ज्ञान अपुरे पडते, हे दोन परिच्छेदांत लिहा. मग अभ्यासक्रमातील जे विषय नेमके त्या अपुरेपणाला भिडतात त्यांची नावे घ्या. उद्यमबागेत फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचे किती कारखाने आहेत आणि तेथे या शिक्षणाचा काय उपयोग होईल हे लिहिल्यास परत येण्याचा हेतूही आपोआप स्पष्ट होतो. त्यासाठी वेगळी आश्वासने द्यावी लागत नाहीत. जर्मनीतील पर्यटनस्थळे, लहानपणापासूनचे स्वप्न, देशाची महानता यांवर एकही ओळ खर्च करू नका. पत्र दोन पानांच्या आत ठेवावे आणि ते स्वतःच लिहावे. इंग्रजी थोडे साधे असले तरी चालेल. नोकरी देणाऱ्याकडून कामाचे स्वरूप सांगणारे अनुभवपत्र घेऊन ते सोबत जोडा, म्हणजे पत्रातील म्हणण्याला आधार मिळतो.

शेवटी एक गोष्ट, जी निघताना कोणी सांगत नाही. बेंगळुरूहून मिळतो तो केवळ जर्मनीत प्रवेश करण्यापुरता राष्ट्रीय व्हिसा असतो आणि त्याची मुदत मर्यादित असते. शिकण्यासाठी राहण्याचा खरा परवाना जर्मनीत गेल्यावर त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यावा लागतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या नोंदणीशिवाय परवान्याचे पुढचे काम होत नाही. म्हणून घर शोधताना भाडे किती याबरोबरच घरमालक नोंदणीसाठी लागणारे पत्र देणार आहे का, हे आधी विचारून घ्या. परवान्याच्या भेटीची तारीख मिळायला मोठ्या शहरांत बराच वेळ लागतो, तेव्हा पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात ती मागून ठेवा. या परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पण पहिल्या सत्रात त्या कमाईवर विसंबून खर्चाचा हिशेब मांडू नका. भाषा यायला वेळ लागतो आणि फाउंड्रीचा अभ्यासक्रम हलका नसतो.

ए.पी.एस.चा अर्ज भरून झाला की येथे कळवा. प्रतिज्ञापत्राचा मसुदा आणि उद्देशपत्राचा पहिला खर्डा वाचून पाहायला मी तयार आहे.